एकच एसएमएल प्रोग्राम, तीन कंपायलर, दोन वेगळी उत्तरं

मूळ धागा

मंडळी, चार दिवस एकाच ठिकाणी अडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टँडर्ड एमएल (एसएमएल) या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन छोटे प्रोग्राम लिहिले आहेत. पहिला मजकुराची फाइल वाचतो, प्रत्येक शब्द कोणकोणत्या ओळींवर आला ते टिपतो आणि ती सूची दुसऱ्या फाइलमध्ये लिहितो. दुसरा प्रोग्राम ती सूची उघडतो आणि शब्द दिला की ओळी सांगतो. हॅश टेबल मी स्वतःच लिहिलं आहे, म्हणजे शब्दावरून एक आकडा (हॅश) काढायचा आणि त्यावरून ठरलेल्या खान्यात (बकेटमध्ये) शब्द ठेवायचा. ५३८१ पासून सुरुवात करायची, प्रत्येक अक्षराला आधीच्या हॅशला ३३ ने गुणून अक्षराचा कोड मिळवायचा, आणि शेवटी १००९ ने भागून उरलेली बाकी हा बकेटचा क्रमांक. सूचीच्या फाइलमध्ये बकेटचा क्रमांक आणि त्यातले शब्द असं लिहून ठेवते, म्हणजे ती वाचताना सगळ्या शब्दांचे हॅश पुन्हा काढावे लागत नाहीत.

रोजचं काम मी एसएमएल ऑफ न्यू जर्सी या कंपायलरवर करते (६४ बिटांची आवृत्ती), कारण ओळ टंकली की लगेच उत्तर मिळतं. शेवटचा प्रोग्राम एमएलटन या दुसऱ्या कंपायलरने बांधते, कारण तो अख्खा प्रोग्राम एकत्र पाहून वेगवान कोड काढतो.

अडचण अशी: सूची न्यू जर्सीवर बनवली आणि शोध एमएलटनने बांधलेल्या प्रोग्रामने घेतला, तर छोटे शब्द सापडतात आणि मोठे बहुतेक सापडतच नाहीत. दोन्ही प्रोग्राम एकाच कंपायलरचे असतील तर सगळं बरोबर चालतं. खात्री करायला पॉली/एमएल या तिसऱ्या कंपायलरवरही चालवून पाहिलं, तर त्याची सूची न्यू जर्सीच्या सूचीशी तंतोतंत जुळली. म्हणजे दोघे एका बाजूला आणि एमएलटन एकटा दुसऱ्या बाजूला. मूळ कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला अजिबात उलगडत नाही. आधी टेबलमध्ये १०२४ बकेट होत्या. तेव्हा तिन्ही कंपायलरच्या सूच्या एकमेकांना चालत होत्या. मूळ संख्या घेतली तर शब्द जास्त चांगले पसरतात असं वाचलं, म्हणून १०२४ चे १००९ केले आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

एसएमएल मी निवडली ती तिची व्याख्या गणिती नियमांत लिहिलेली आहे म्हणून. अशा भाषेत एकाच प्रोग्रामची दोन उत्तरं येतात याचा मला खरंच त्रास होतोय. एमएलटनच्या ऑप्टिमायझरमध्ये (कोड वेगवान करणाऱ्या भागात) चूक असेल का?

प्रतिसाद १

सूची लिहिताना आणि वाचताना ओळीच्या शेवटचं चिन्ह बदलत नाही ना, ते आधी पाहा. शब्दाच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटलं तरी हॅश पार बदलतो. माझे दोन दिवस एकदा यातच गेले होते.

धागालेखिका

तेच आधी तपासलं. दोन्ही सूच्या बाइट बाइट जुळवून पाहिल्या. शब्द तेच आहेत, ओळीही त्याच आहेत, फक्त बकेटचे क्रमांक वेगळे आहेत. तीन अक्षरांपर्यंतच्या शब्दांचे क्रमांक जुळतात, चार अक्षरांपासून पुढे जुळत नाहीत.

प्रतिसाद २

चार अक्षरांपासून पुढे बिघडतं, इथेच उत्तर आहे. हॅशचा टाइप कोणता ठेवलाय, इंट (साधा पूर्णांक) की वर्ड (उणे चिन्ह नसलेला, ठरावीक बिटांचा)? आणि तिन्ही कंपायलरवर दोन गोष्टी छापून इथे द्या: इंटची प्रिसिजन आणि वर्डचा वर्डसाइझ, म्हणजे ते किती बिटांचे आहेत ते. दोन्ही बेसिस लायब्ररीत, म्हणजे एसएमएलच्या प्रमाण लायब्ररीतच मिळतात.

धागालेखिका

वर्ड आहे. आधी इंट होता. न्यू जर्सीवर नमुना फाइल नीट चालली, पण एमएलटनवर पहिल्याच चार अक्षरी शब्दाला ओव्हरफ्लोचं एक्सेप्शन आलं, म्हणजे आकडा मावत नाही म्हणून प्रोग्राम थांबला. वर्डमध्ये ओव्हरफ्लो होत नाही असं कळल्यावर टाइप बदलला आणि एक्सेप्शन गेलं.

छापलेले आकडे: न्यू जर्सी, इंट ६३ आणि वर्ड ६३. पॉली/एमएल, इंट ६३ आणि वर्ड ६३. एमएलटन, इंट ३२ आणि वर्ड ३२.

आकडे पाहून थोडं उजाडतंय. पण १०२४ ला कसं काय चालत होतं?

प्रतिसाद ३

सवडीने लिहितो, कारण ही चूक भल्याभल्यांकडून होते आणि ती नेमकी कुठे बसली आहे ते एकदा आकड्यांत पाहिलं की पुन्हा होत नाही.

सी, ए, टी, एस या चार अक्षरांचा शब्द घ्या. कोड अनुक्रमे ९९, ९७, ११६, ११५. तुमच्या रीतीने पहिल्या तीन अक्षरांनंतर हॅश होतो १९,३४,८८,१२५. हा आकडा ३२ बिटांत आरामात बसतो, म्हणून इथपर्यंत तिघांचं उत्तर एकच आहे आणि १००९ ने भागल्यावर बाकी सगळीकडे २६७ येते.

आता चौथं अक्षर. ३३ ने गुणून ११५ मिळवले की ६,३८,५१,०८,२४० होतात. ६३ बिटांच्या वर्डमध्ये हा आकडा जसाच्या तसा मावतो. ३२ बिटांच्या वर्डमध्ये मावत नाही. तिथे ४,२९,४९,६७,२९६ वजा होतात, म्हणजे दोनाचा ३२ वा घात, आणि उरतात २,०९,०१,४०,९४४. वर्डचा गुणधर्मच हा आहे की वरचे बिट मुकाट्याने टाकून द्यायचे. बेसिस लायब्ररी वर्डकडून हेच मागते, त्यामुळे इथे कोणाचीच चूक नाही.

आता १००९ ने भागा. पहिल्या आकड्याची बाकी ८५४, दुसऱ्याची ४७१. न्यू जर्सीने शब्द ८५४ व्या बकेटमध्ये ठेवला आणि एमएलटन तो ४७१ व्या बकेटमध्ये शोधतोय. सापडणार कसा?

आणि १०२४ ने भागलंत तर? दोन्हींची बाकी २७२. कारण १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात. त्याने भागून उरते ती संख्येच्या शेवटच्या दहा बिटांची किंमत. वर्ड ३२ बिटांचा असो की ६३ चा, कापले जातात ते वरचे बिट. खालच्या दहांना कोणी हात लावत नाही. म्हणून तुमचा जुना प्रोग्राम तिन्हीकडे जुळत होता. चूक त्यातही होतीच, १०२४ ने ती झाकून ठेवली होती. १००९ ने सगळे बिट मोजायला घेतले आणि ती उघडी पडली.

प्रतिसाद २

उत्तम उलगडा. यात एक भर. धागालेखिकेचा आधीचा इंटवाला प्रोग्रामही न्यू जर्सीवर बरोबर नव्हता. ६३ बिटांच्या इंटमध्ये ही रीत नऊ अक्षरांपर्यंत तग धरते आणि दहाव्या अक्षराला ओव्हरफ्लो देते. नमुना फाइलमध्ये दहा अक्षरी शब्द नसावा, म्हणून ते दिसलं नाही. एमएलटनने चौथ्याच अक्षराला एक्सेप्शन फेकून खरं तर तुम्हाला लवकर सावध केलं होतं. तेव्हा टाइप बदलल्याने तक्रार थांबली, पण कारण तसंच राहिलं.

धागालेखिका

हो, नमुना फाइलमध्ये सगळे छोटेच शब्द होते. आत्ताच एक तेरा अक्षरी शब्द घालून जुना प्रोग्राम न्यू जर्सीवर चालवला आणि लगेच ओव्हरफ्लो आला.

दोघांचेही मनापासून आभार. दोन कंपायलर एका बाजूला आहेत म्हणून तिसरा चुकीचा, असं मी धरून चालले होते. एमएलटनला उगाच दोष दिला.

पण माझा मूळ प्रश्न उरतोच. ज्या भाषेची व्याख्या इतकी काटेकोर आहे, तिच्यात इंट केवढा हे प्रत्येकाने आपापलं का ठरवावं?

प्रतिसाद ४

याचं कारण कचरा गोळा करण्यात आहे, म्हणजे गार्बेज कलेक्शनमध्ये (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करण्यात).

न्यू जर्सी आणि पॉली/एमएलमध्ये मेमरीतली एखादी किंमत समोर आली की ती पूर्णांक आहे की मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता, हे कलेक्टरला तिथल्या तिथे कळायला हवं. त्यासाठी एक बिट खूण म्हणून राखून ठेवतात. म्हणून ६४ चे ६३ उरतात, आणि जुन्या ३२ बिटांच्या आवृत्त्यांत ३१ उरत असत. त्या काळी न्यू जर्सीचा सगळ्यात मोठा इंट १,०७,३७,४१,८२३ एवढाच होता. एमएलटनची तऱ्हा वेगळी. तो अख्खा प्रोग्राम एकदम पाहतो, त्यामुळे कुठे पूर्णांक आहे आणि कुठे पत्ता हे त्याला टाइपवरूनच ठाऊक असतं. खुणेचा बिट लागत नाही, पूर्ण ३२ वापरता येतात. ६४ बिटांच्या मशीनवरही त्याचा नेहमीचा इंट ३२ बिटांचाच राहतो. हवा तर कंपाइल करताना पर्याय देऊन तो ६४ चा करता येतो.

पॉली/एमएलने तर मधेच वाट बदलली आहे. ५.७ च्या आधी त्याचा साधा इंट अमर्याद होता, कितीही मोठी संख्या घ्या, ओव्हरफ्लो नाही. ५.७ पासून तो ठरावीक रुंदीचा झाला आणि जुनं वागणं हवं असेल तर पॉली/एमएल बांधतानाच तसं सांगावं लागतं. इसाबेल हा प्रमेय सिद्ध करणारा प्रोग्राम पॉली/एमएलवर चालतो आणि त्याला अमर्याद इंटच लागतो. म्हणजे कंपायलर एकच असला तरी तो कसा बांधलाय यावर उत्तर अवलंबून राहू शकतं.

प्रतिसाद ५

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्टच मांडतो. कंपायलरच्या चर्चेत मुख्य दोष बाजूला पडतोय. बकेटचा क्रमांक फाइलमध्ये लिहायचाच कशाला? तो प्रोग्रामच्या पोटातला तपशील आहे. उद्या बकेटची संख्या बदलली की सगळ्या जुन्या सूच्या निकामी. शब्द क्रमाने लावून लिहा, वाचताना टेबल पुन्हा भरा. हॅश किती बिटांचा हा प्रश्नच उरत नाही.

धागालेखिका

तुमचं म्हणणं पटतंय. पण सूची मोठी आहे आणि शोधणारा प्रोग्राम एका शब्दासाठी सुरू होऊन लगेच संपतो. प्रत्येक वेळी सगळं टेबल भरणं मला परवडत नाही. बकेट क्रमांक फाइलमध्ये असला की थेट त्या जागी उडी मारता येते.

प्रतिसाद ५

मग तुमची फाइल हा एक करार झाला आणि हॅशची रीत त्या करारातलं कलम. ते कलम कंपायलरच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, रुंदी स्वतः लिहून द्यायला हवी.

प्रतिसाद ६

व्याख्येच्या प्रश्नाकडे वळतो, कारण धागालेखिकेची ती खंत मला आपलीशी वाटते. मीही याच कारणाने या भाषेकडे आलो.

एसएमएलची व्याख्या पहिल्यांदा १९९० साली प्रसिद्ध झाली, मिल्नर, टॉफ्टे आणि हार्पर यांची. १९९७ ची सुधारित आवृत्ती आली तेव्हा त्यांच्या जोडीला मॅक्वीन होते. वाक्याचा टाइप कसा ठरतो आणि वाक्य चाललं की काय घडतं, हे त्यात अनुमानाच्या नियमांनी मांडलं आहे. फार थोड्या भाषांना हे भाग्य लाभलं. पण ती व्याख्या गाभ्याची आहे. लायब्ररीचा तपशील वेगळा ठरला. बेसिस लायब्ररीचं पुस्तक गॅन्सनर आणि रेपी यांनी संपादित केलं, ते २००४ मध्ये आलं. आणि इंटची रुंदी त्या लायब्ररीने जाणूनबुजून मोकळी ठेवली. प्रिसिजन नावाचं मूल्य दिलं आहे ते याचसाठी, की प्रोग्रामने ते विचारून घ्यावं.

व्याख्येलाही मर्यादा आहेतच. स्टीफन कार्स यांनी १९९३ मध्ये तिच्यातल्या चुका आणि संदिग्ध जागांची एक लांबलचक यादी काढली होती. पुढे आंद्रेआस रॉसबर्ग यांनी सुधारित आवृत्तीतल्या उणिवा टिपल्या. त्याच रॉसबर्ग यांनी हॅम्लेट हा एसएमएल चालवणारा प्रोग्राम लिहिला. तो व्याख्येतले नियम शक्य तितके शब्दशः अमलात आणतो. वेगाला तो कामाचा नाही, पण दोन कंपायलर भांडले की पंच म्हणून त्याच्याकडे जावं. तुमच्या प्रश्नात मात्र पंचाचाही उपयोग झाला नसता, कारण तिथे नियमच कोणती रुंदी ते सांगत नाही.

व्याख्येने आणि बेसिस लायब्ररीने काय पक्कं केलं आहे तेही पाहा. आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमती, डावीकडून उजवीकडे काढायचे. रेकॉर्डमधली फील्ड ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने काढायची. ओव्हरफ्लो झाला तर गप्प बसायचं नाही, एक्सेप्शन द्यायचं. सी भाषेत चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला की पुढे काहीही घडू शकतं. त्याच्याशी तुलना केली की आपल्याला केवढं मिळालं आहे ते कळतं.

केकएमएल ही भाषा वापरून पाहिलीत तर एक ध्यानात ठेवा. तिचा कंपायलर औपचारिकरीत्या पडताळलेला आहे, पूर्णांक अमर्याद आहेत, दिसायला ती एसएमएलसारखीच आहे. पण तिथे आर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे काढतात. एका कॉलमध्ये दोनदा फाइलमधून वाचत असाल तर वाचलेल्या गोष्टींची अदलाबदल होईल.

प्रतिसाद ७

नमस्कार, मी ही भाषा शिकतोय. धागा वाचून धीर आला, म्हणून माझ्या दोन अडचणी विचारतो.

पहिली: एका केसमध्ये (किमतीनुसार शाखा निवडणाऱ्या रचनेत) चुकून तीच शाखा दोनदा लिहिली गेली. एमएलटनने फक्त इशारा दिला आणि प्रोग्राम बांधून दिला. न्यू जर्सीने तीच फाइल चूक म्हणून नाकारली. बरोबर कोण?

दुसरी: रिकाम्या यादीचा रेफ (मजकूर बदलता येणारी जागा) सगळ्यात वरच्या पातळीवर जाहीर केला आणि पुढच्या ओळीत त्यात पूर्णांकांची यादी घातली. मॉस्को एमएल या आणखी एका कंपायलरने इशारा देऊन ते घेतलं. न्यू जर्सी म्हणतो की टाइप जुळत नाही.

प्रतिसाद ६

पहिलीबद्दल: कधीच न पोचता येणारी शाखा दिसली तर कंपायलरने सावध करावं, एवढी व्याख्येची अपेक्षा आहे. एमएलटन तेवढंच करतो. न्यू जर्सी एक पाऊल पुढे जाऊन तिला चूक मानतो, मात्र त्याचं ते वागणं बदलता येतं. मला स्वतःला न्यू जर्सीचा कडकपणा आवडतो. पोचता न येणारी शाखा म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि कागदावर दुसरंच, असं बहुतेक वेळा निघतं.

दुसरी व्हॅल्यू रिस्ट्रिक्शनची गोष्ट आहे, म्हणजे फक्त साध्या मूल्यांचाच टाइप सर्वसामान्य करता येतो या नियमाची. रेफ तयार करणं हे साधं मूल्य नाही, ते काम आहे. म्हणून त्याचा टाइप 'कोणत्याही गोष्टीची यादी' असा सर्वसामान्य करता येत नाही. मग तो ठरवायचा कसा? न्यू जर्सी त्या जागी लगेच एक बनावट टाइप बसवतो, जो पुढे कशाशीच जुळत नाही. पॉली/एमएलचंही तसंच. मॉस्को एमएल जागा मोकळी ठेवतो आणि पहिल्या वापरात जो टाइप दिसेल तो पक्का करतो. उपाय साधा आहे: जाहीर करतानाच 'पूर्णांकांच्या यादीचा रेफ' असा टाइप लिहून द्या. मग सगळीकडे चालेल.

याच जातीची तिसरी जागा सांगून ठेवतो. अधिकचं चिन्ह पूर्णांकांनाही चालतं आणि वास्तव संख्यांनाही. फंक्शनमध्ये एक्स अधिक एक्स एवढंच असेल तर कोणता टाइप धरायचा हे आजूबाजूच्या मजकुरावरून ठरतं. तो मजकूर जास्तीत जास्त किती पाहायचा हे व्याख्या सांगते, पण कंपायलरने त्याहून कमी पाहिला तरी तिला चालतं. म्हणून अशा ठिकाणीही टाइप लिहावा. चार अक्षरं जास्त पडतात, पण वाचणाऱ्यालाही त्याची मदत होते.

प्रतिसाद ७

खूप आभार! दोन्ही जमलं. आता एमएलटन यूज (दुसरी फाइल आणून चालवणारं फंक्शन) ओळखत नाही म्हणतो. माझ्या सगळ्या फाइली यूजने जोडलेल्या आहेत.

प्रतिसाद २

एमएलटनमध्ये यूज नाहीच. त्याला एमएलबी फाइल लागते, तिच्यात फाइलींची नावं क्रमाने लिहायची. न्यू जर्सीच्या कंपायलेशन मॅनेजरची सीएम फाइल वेगळी. पॉली/एमएलच्या पॉलीसी या आज्ञेने बांधणार असाल तर मेन नावाचं फंक्शन हवं, कारण सुरुवात तिथून होते. एमएलटनला मेनची गरज नाही, वरच्या पातळीवर जे लिहिलंय ते क्रमाने चालतं. मी एक छोटी फाइल ठेवतो जी फक्त मेनला बोलावते. ती एमएलटनच्या यादीत शेवटी टाकतो आणि पॉली/एमएलला देत नाही.

प्रतिसाद ८

मी ओकॅमलवाला, ती एमएलच्याच कुळातली भाषा. आमच्याकडे हा त्रास याहून जास्त आहे. आर्ग्युमेंटचा क्रम भाषेने ठरवलेलाच नाही. प्रत्यक्षात तो बहुधा उजवीकडून डावीकडे असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. आणि आमचा इंट ओव्हरफ्लो झाला तर एक्सेप्शन येत नाही, मुकाट्याने गुंडाळला जातो. ६४ बिटांच्या मशीनवर तो ६३ बिटांचा. तोच प्रोग्राम जेएस ऑफ ओकॅमलने ब्राउझरसाठी बांधला की ३२ बिटांचा. सर्व्हरवरचा हॅश आणि ब्राउझरमधला हॅश जुळत नाही म्हणून मी एकदा असाच अडकलो होतो, लक्षणं हुबेहूब हीच. एसएमएलच्या इंटने निदान आरडाओरड तरी केली.

प्रतिसाद ९

हॅस्केल भाषेचंही सांगते. तिथे भाषेचा अहवाल इंटबद्दल एवढंच वचन देतो की उणे दोनाचा २९ वा घात ते अधिक दोनाचा २९ वा घात वजा एक, एवढा पल्ला नक्की मिळेल. तिचा जीएचसी हा कंपायलर ६४ बिटांच्या मशीनवर पूर्ण ६४ देतो आणि सगळे तेच गृहीत धरून लिहितात. शिवाय एका बेरजेच्या दोन्ही बाजूंना चूक दडलेली असेल तर कोणती चूक वर येईल हे ऑप्टिमायझेशनच्या पातळीनुसार बदलू शकतं. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे, १९९९ च्या एका शोधनिबंधात त्याची मांडणी आहे. क्रम मोकळा ठेवला की कंपायलरला आधी काय काढायचं ते स्वतः निवडता येतं आणि कोड वेगवान होतो. मला तो सौदा मान्य आहे. पण मग कोणती चूक आधी येते यावर प्रोग्रामचं वागणं बेतू नये.

स्कीम भाषेतही आर्ग्युमेंटचा क्रम प्रमाणग्रंथांनी मोकळाच सोडला आहे. तिच्याच कुळातल्या रॅकेटने मात्र तो डावीकडून उजवीकडे असा पक्का केला.

प्रतिसाद ३

आता उपायाकडे येऊ. मला दोन दिसतात.

एक, वर्डच्या जागी सगळीकडे वर्ड३२ लिहा. न्यू जर्सी, एमएलटन आणि पॉली/एमएल तिघांकडेही तो आहे आणि तिघेही दोनाच्या ३२ व्या घाताला गुंडाळतील. मात्र बेसिस लायब्ररीने वर्ड३२ सक्तीचा केलेला नाही, त्यामुळे सगळ्याच कंपायलरवर तो मिळेल असं धरू नका.

दोन, आणि मला हा जास्त पटतो: आकडा मोठा होऊच देऊ नका. साधा इंट ठेवा आणि प्रत्येक अक्षरानंतर १,६७,७७,२१३ ने भागून बाकी घ्या. ही दोनाच्या २४ व्या घातापेक्षा लहान असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या आहे. हॅश कायम हिच्याहून लहान राहील. पुढच्या पायरीला ३३ ने गुणून २५५ पर्यंतचा कोड मिळवला तरी जास्तीत जास्त ५५,३६,४८,२५१ होतात. हे ३१ बिटांच्या जुन्या इंटमध्येसुद्धा बसतं. म्हणजे कुठलाही कंपायलर, कुठलीही रुंदी, उत्तर एकच. अमर्याद इंटवालाही यातच आला. शेवटी बकेटसाठी १००९ ने भागा. दर अक्षराला एक भागाकार वाढतो, पण फाइल वाचण्याच्या वेळेपुढे तो जाणवू नये.

थेट १००९ नेच दर पायरीला भागलं तरी चाललं असतं. पण मग बकेटची संख्या हॅशमध्येच मुरते आणि दोन शब्दांचे पूर्ण हॅश ताडून पाहण्याची सोय जाते.

प्रतिसाद ५

दुसरा उपाय घ्या. आणि सूचीच्या पहिल्या ओळीत रीतीचा आवृत्ती क्रमांक आणि एका ठरलेल्या शब्दाचा हॅश लिहून ठेवा. वाचणाऱ्या प्रोग्रामने तो हॅश स्वतः काढून पाहायचा. जुळला नाही तर तिथेच थांबायचं. 'शब्द सापडला नाही' हे खोटं उत्तर देण्यापेक्षा फाइल नाकारलेली बरी.

धागालेखिका

दुसरा उपाय केला. पहिल्या ओळीत आवृत्ती २ आणि एका तेरा अक्षरी शब्दाचा हॅश लिहिते. तो मुद्दाम लांब घेतला, कारण तीन अक्षरी शब्दाचा हॅश जुन्या रीतीतही तिन्ही कंपायलरवर जुळत होता, म्हणजे अशी परीक्षा ती चूक पकडू शकली नसती.

न्यू जर्सी, एमएलटन आणि पॉली/एमएल या तिघांनी बनवलेल्या सूच्या बाइट बाइट जुळल्या. एमएलटनला इंट ६४ चा करायचा पर्याय देऊनही पाहिलं, त्यातही फरक नाही. मग प्रत्येकाची सूची उरलेल्या दोघांच्या शोधाला दिली, सहाही जोड्यांत सगळे शब्द सापडले. मॉस्को एमएलवरही चालवणार होते, पण फाइल वाचायचा भाग तिथे अजून कंपाइल होत नाही. तो सुटला की कळवते.

एमएलटनवर बांधताना आणखी एक निघालं. चूक झाली की दाखवायच्या संदेशाचा मजकूर मी मराठीत लिहिला होता. न्यू जर्सीने तो तसाच घेतला, एमएलटनने अडवला.

प्रतिसाद २

त्यासाठी एमएलबी फाइलमध्ये एक ॲनोटेशन (कंपायलरला खास सूचना) द्यावं लागतं, अलाउ एक्स्टेंडेड टेक्स्ट कॉन्स्ट्स, त्याची किंमत ट्रू. ते दिलं की मजकुरात युनिकोड अक्षरं चालतात. आणि लक्षात असू द्या, अशा मजकुराचा साइझ विचारला तर अक्षरं मोजली जात नाहीत, बाइट मोजले जातात. देवनागरीच्या एका चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. म्हणजे जुन्या रीतीत मराठी शब्दाचं दुसरंच चिन्ह ३२ बिटांच्या बाहेर गेलं असतं.

धागालेखिका

ॲनोटेशन दिलं, चाललं. जुन्या सगळ्या सूच्या पुसल्या आणि नव्याने बनवायला लावल्या आहेत. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये आता न्यू जर्सी आणि एमएलटन दोन्ही आहेत. दोघांच्या सूच्या जुळल्या नाहीत तर ती पुढे जात नाही.